शपथमामा आणि माझ्या पाठीचा तडा

माझ्या पाठीला गेलेला तडा लपवून शपथमामाला काय मिळणार होते? फुकट हाती आलेल्या वस्तूवर नव्या सीटची निम्मी किंमत, आणि वर ‘काय भला माणूस आहे!’ अशी शाबासकी. मला काय मिळणार होते? कुणाच्या तरी लेकराचे पाप. मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे, मोटारीत तान्ह्या बाळापासून चार वर्षांच्या मुलापर्यंत कुणालाही बसवतात ती. वस्तूंनी मनात डूख धरू नये म्हणतात. मी धरला, आणि चांगला जपून धरला.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या एका बहिणीला, तिच्यात एक बाहुली बसवून, रुळावरून पळवत नेऊन आपटले. ती टिकली, म्हणून आम्हा सगळ्यांच्या पाठीवर चिठ्ठी चिकटली: कधी बनली, किती वजनाच्या मुलासाठी, कोणत्या वर्षापर्यंत वापरावी. ती चिठ्ठी म्हणजे माझा जन्मदाखला.

मला एका पाववाल्याने नेले. त्याने माझे माहितीपुस्तक तीनदा वाचले आणि मला मागच्या बाकावर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बांधले. त्याची सासू करवादली, “पोरीला असं पाठमोरं बसवलंय, जशी शिक्षाच केलीये!”

“मान कच्ची आहे तिची, आई. धक्का बसला तर तो सीटच्या पाठीनं खायचा, तिच्या मानेनं नाही.”

दीड वर्ष मी त्या पोरीचे दूध, चुरा आणि लाळ आनंदाने सोसले. मग एका दुपारी चौकात समोरून एक टेम्पो येऊन आदळला. पोर माझ्या पाठीत दाबली गेली, पट्ट्यांनी तिला घट्ट धरले आणि माझ्या पाठीत आतून काहीतरी कडकन मोडले. पोरीला साधे खरचटलेही नाही. पाववाल्याने आधी तिला कवटाळले, मग माझ्यावरून हात फिरवला. माझ्या आयुष्यातली तेवढीच खरी शाबासकी.

मित्रांनो, असा दणका आम्हाला एकदाच खाता येतो. पाववाल्याला हे ठाऊक होते. तो मला जुन्या सामानाच्या दुकानात घेऊन आला. दुकानदाराला सगळे शपथमामा म्हणत, कारण शपथ घेतल्याशिवाय त्याच्या दुकानातून चमचासुद्धा बाहेर पडत नसे.

“मामा, अपघातातली आहे. तोडूनच टाका.”

“आत्ताच्या आत्ता तोडतो. नातवाची शपथ!”

पाववाल्याची पाठ वळली आणि मामाने बाह्या वर केल्या. खोळ साबणात बुडवली, वाळवली, इस्त्री केली. चिठ्ठी ब्लेडने खरवडली. तड्याची पांढरी रेघ बुटाच्या काळ्या पॉलिशने बुजवली. मग मला काचेजवळ मांडून समोर पाटी ठेवली: ‘नव्यासारखी.’ ज्या जखमेने एक पोर वाचवली, तिच्यावर याने बुटाचे पॉलिश फासले! मी मनात म्हटले, मामा, तुला पाणी पाजल्याशिवाय मी मोडीत जायची नाही.

आठवड्याभराने एक बाई आली, कडेवर आठ महिन्यांचे बाळ घेऊन. ती दप्तरे शिवणारी होती. तिने आधी माझे पट्टे बोटांत धरले.

“मामा, हा पट्टा इथंच का चकाकतोय?”

“धुतलाय ना, ताई. स्वच्छतेची चमक आहे ती.”

“दिवसभर पट्टेच शिवते मी. धुतल्यानं पट्टा मऊ होतो. असा चकाकतो तो जोरात ओढला जाऊन, घासून वितळला की. आणि हिची चिठ्ठी कुठंय?”

“पोरं खरवडतात हो.”

“पोरं ब्लेड घेऊन बसतात वाटतं?”

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. मामाला घाम फुटला, आणि घाम फुटला की त्याला शपथ सुटत असे. “ताई, संशयाला औषध नाही. माझ्या नातवाला बसवीन मी हिच्यात. त्याचीच शपथ!”

नेमकी त्याच वेळी त्याची लेक डबा घेऊन दारात उभी होती, नातवाचे बोट धरून.

“बाबा, मग इतके दिवस बोलला का नाहीत? ह्याची सीट केव्हाची तोकडी झालीय!” असे म्हणत तिने त्याला माझ्यात बसवलेसुद्धा. खटका लागला.

“बरोबर आहे,” दप्तरवाली बाजूला सरकली. “आधी घरच्यांचा हक्क.”

मित्रांनो, त्या क्षणाची चव मी अजून विसरलेले नाही. नातवाने खुशीत पाठ मागे आपटली. मी तड्यातून कर्रकन ओरडले, जेवढे ओरडता येईल तेवढे. मामाचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला.

“राहू दे गं ती. तुला दुसरी देतो.”

“दुसरी कशाला? एवढी शपथ घेतलीत की!” तिने पोराला उतरवले, मला काखोटीला मारले आणि दाराकडे निघाली. “गाडी समोरच आहे. आत्ताच बसवते.”

“नको! फुटलीये ती! अपघातातली आहे!”



“सापडली बाई चिठ्ठी,” दप्तरवाली म्हणाली.

लेक मागे वळली. “म्हणजे बाबा, यांच्या बाळाला चालली असती?”

“नातवाची शपथ...” मामा सवयीने सुरू झाला, तशी लेकीने पोराला आपल्यामागे ओढले. 

दप्तरवालीने पिशवीतून आपली मोठी कात्री काढून त्याच्यापुढे धरली. लेक म्हणाली, “कापा. आमच्यासमोर.” त्याने एकेक करत माझे पाचही पट्टे कापले. मला गुदगुल्या होत होत्या. मग लेकीने माझ्या पाठीवर जाड पेनाने लिहिले, ‘अपघातातली. वापरू नका,’ आणि मला भंगारात जाऊ न देता त्याच्याच गल्ल्यामागच्या खिळ्यावर टांगले.

तेव्हापासून मी इथे आहे. मामा मान वर करायचे टाळतो. मी त्याच्याकडे पाहायचे टाळत नाही.

मित्रांनो, आपल्या धाकट्या भावंडासाठी सीट घ्यायला कुणी निघाले, तर त्यांना सांगा: गोड बोलण्याला भुलू नका. खोळ काढा. पाठ बघा. चिठ्ठी नसेल तर उलट पावली फिरा. हिचा आधीचा मालक कोण, हे कळत नसेल तरी फिरा. आणि माझ्यासारखी दणका खाल्लेली कुणी दिसली, तर तिला मानाने मोडा. आम्हाला दुसऱ्यांदा कामाला जुंपू नका.

आता हिशेब ऐका. पाववाल्याची पोर वाचली, दप्तरवालीचे बाळ वाचले, मामाचा नातूही वाचला. मी माझे पाच पट्टे दिले, खुशीने दिले. आणि मामा? त्याची लेक अजूनही डबा घेऊन येते. “मी सोडतो ना ह्याला बालवाडीत,” असे मामा रोज म्हणतो. ती बाहेर जाते, बापाने नातवासाठी आपल्या गाडीत बसवून घेतलेली नवीकोरी सीट रोज उलटी करून पाहते, आणि मग पोराला स्वतःच्या गाडीत बसवून घेऊन जाते.