डावीकडची खुर्ची

"बॅलन्सला कोणी हात लावला?"

कानसेनांनी हॉलमधून विचारलं, आणि आत त्यांच्या पत्नीने, काकूंनी, हातातलं भांडं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं. अॅम्प्लिफायरवरचं ते गोल बटण, डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज तोलणारं, पुन्हा डावीकडे वळलेलं होतं. सकाळी त्यांनी स्वतः ते मध्यावर आणून ठेवलं होतं.

"मला काय माहीत? धूळ पुसताना सरकलं असेल," काकू दारात येऊन म्हणाल्या.

"धूळ मी पुसतो. दुसरं कोण पुसतंय इथे?"

तेही खरंच होतं. याच बटणावरून कामवाल्या बाईंना त्यांनी एकदा इतकं फैलावर घेतलं होतं की बाईंनी फडकं त्यांच्याच हातात दिलं. "साहेब, तुमचा देव तुम्हीच पुसा," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे फिरकल्या नाहीत. तरी बटण अधूनमधून डावीकडे वळायचंच. कानसेनांनी व्होल्टेजला दोष दिला, उंदरांना दिला, सुट्टीत येणाऱ्या लेकीला दिला. घरात चौथं माणूस नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी वजनमापांच्या खात्यात गेली. दुकानोदुकानी जाऊन तराजूचा काटा मध्यावर उभा राहतो की नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. मध्यापासून ढळलेली कुठलीही गोष्ट त्यांना सहन होत नसे. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. इमारतीत सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. ते चिडल्यासारखं करायचे आणि मनातून सुखावायचे. लोकांनी गाड्या घेतल्या, सोनं घेतलं. यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला, अॅम्प्लिफायर घेतला आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर घेतले. रेकॉर्ड लावण्याआधी ती ब्रशने पुसायची. वाजत असताना हॉलमध्ये चपला घालून चालायचं नाही, सुई उडते. आणि रेकॉर्ड संपली की ताबडतोब सुई उचलायची. त्यासाठी ते तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे. "सुईला आयुष्य असतं," ते सांगायचे, "ते रिकाम्या खाचेत फिरवून घालवायचं नाही."

स्पीकरांसमोर बरोबर मध्यावर त्यांची खुर्ची होती. तिच्या चार पायांच्या खुणा त्यांनी फरशीवर रंगाने केल्या होत्या. त्या खुर्चीत बसलं की गाणारा माणूस समोर उभा राहून गातोय असं वाटायचं. काकू बसायच्या डावीकडच्या वेताच्या खुर्चीत, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, डाव्या स्पीकरला जवळजवळ चिकटून. दुधाकडे लक्ष ठेवायला बरं पडतं, म्हणायच्या. पाहुणे आले आणि कोणी काकूंना गाणं कसं वाटलं विचारलं, तर कानसेनच आधी बोलायचे. "तिला काय विचारता? गाढवाला गुळाची चव काय!" पाहुणे हसायचे. काकूही हसायच्या आणि कप उचलून आत जायच्या.

मग एके दिवशी कुकर शिट्टीवर शिट्टी देत राहिला. शेजारच्या वहिनींनी भिंतीवर थाप मारली तेव्हा कानसेन वैतागून उठले. काकू कुकरशेजारीच उभ्या होत्या, शांतपणे कणीक मळत.

"अहो," त्यांना पाहून त्या म्हणाल्या, "एखादी शिट्टी झाली का हो?"

लेक आली आणि दोघांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "उजवा कान तर फार वर्षांपूर्वीच गेलाय. ते तुम्हाला माहीत असेलच."

कानसेनांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने आईकडे. काकू पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

"आता डावाही उतरणीला लागलाय," डॉक्टर मोठ्याने, सावकाश बोलू लागले. "मशीनने बोलणं काही दिवस कळेल. गाण्याबिण्याचं मात्र... जे ऐकायचंय ते आत्ताच ऐकून घ्या."

लेक औषधांच्या रांगेत गेल्यावर बाहेरच्या बाकावर कानसेनांनी विचारलं, "कधीपासून?" एकदा विचारून भागलं नाही. काकूंच्या डाव्या बाजूला सरकून बसले आणि पुन्हा विचारलं.

"पोरीला शाळेत असताना गालगुंड झाले होते ना, तेव्हा मलाही झाले. ताप गेला, कान काही परत आला नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. त्याच आठवड्यात तुमचे स्पीकर आले. तुम्ही मला मधल्या खुर्चीत बसवलंत आणि विचारलंत, दोन्हीकडून सारखं येतंय ना? इतके खूश होतात हो तुम्ही. मी म्हटलं, येतंय."

कानसेन म्हणाले, "ते बटण तूच फिरवायचीस."

"तुम्ही ऑफिसला गेलात की लावायची मी. आता तुम्ही दुपारी पडता तेव्हा लावते, हळू आवाजात. उजवीकडचा कशाला उगाच वाजवायचा? कधीतरी बटण परत फिरवायचं राहून जायचं." मग घाईघाईने म्हणाल्या, "रेकॉर्ड ब्रशने पुसूनच लावायची हं. चपला काढून."

सुई बोथट झाली तर दुसऱ्या खोलीतून ओळखणारा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरी आल्यावर त्यांनी आपली मधली खुर्ची खुणांवरून उचलली आणि डाव्या स्पीकरसमोर नेऊन ठेवली. काकू नको नको म्हणत असताना त्यांना तिच्यात बसवलं. अॅम्प्लिफायरवर एक मोनोचा खटका होता. तो दाबला की दोन्ही बाजूंचं संगीत एकत्र होऊन दोन्ही स्पीकरांतून तेच येतं. दोन डोळे असून एक झाकून घ्यायचा प्रकार, असं म्हणून त्यांनी त्याला जन्मात हात लावला नव्हता. आज लावला. बॅलन्सचं बटण स्वतःच्या हाताने पार डावीकडे नेलं आणि काकूंनी काढून दिलेली रेकॉर्ड लावली.

काकू मान कलती करून ऐकत होत्या. पहिलं कडवं संपलं आणि त्या एकदम सरळ बसल्या.

"अहो, यात व्हायोलिन आहे?"

"आहे."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. उजवीकडे आहे."

"छान वाजवलंय हो," काकू म्हणाल्या.

कानसेन स्वयंपाकघरात गेले. त्यांना रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडला, आणि मग लक्षात आलं की त्याची काही गरज नव्हती.

त्यानंतर रोज दुपारी काकू कानसेनांच्या खुर्चीत आणि कानसेन वेताच्या. घरातल्या सगळ्या रेकॉर्डी पुन्हा पहिल्यापासून लागल्या. काकूंना कुठे बासरी सापडली, कुठे मागे गाणाऱ्या बायका. आवाजाचं बटण दर आठवड्याला थोडं थोडं वर सरकत गेलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा भांडायला आले, दारातून काकूंच्या कानाला तोंड लावून बोलणारे कानसेन बघितले, आणि आल्या पावली परत गेले. पुढे मशीन आलं, पण त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं म्हणून काकू गाण्याच्या वेळी ते काढून ठेवायच्या. कसं वाटतंय विचारलं की छान म्हणायच्या. आता या छानवर किती विश्वास ठेवायचा, हे कानसेनांना कळेनासं झालं होतं. विचारायचा धीर होत नव्हता.

अशाच एका दुपारी व्हायोलिनची ती रेकॉर्ड लागली होती. आवाज इतका मोठा की खिडकीची काच झणझणत होती. काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि खुर्चीच्या हातावर एका बोटाने ठेका धरत होत्या.

रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत गेली आणि स्पीकरमधून नुसतीच टकटक येऊ लागली. कानसेन सवयीने अर्धे उठले.

काकूंचं बोट अजून ठेका धरत होतं.

कानसेन परत खाली बसले. सुई फिरत राहिली.