मामीची मुंबई आणि मामाचं कोल्हापूर

माझा महिपतमामा मुंबईत गिरणीला होता तेव्हा ट्राम त्याच्या खिडकीखाली थांबायची. तिथे थांबा नव्हता. मामा उठला की नाही एवढं बघून पुढे जायची. गॅलरी इतकी ऐसपैस की भात लावला असता तर खंडीभर पिकला असता, आणि मामा नुसता शिंकला तरी मालक गिरणीतले सगळे साचे बंद करून विचारायचा, "महिपत, बरं हाय ना?" हे सगळं मामा गोदामामीला सांगायचा. चुलीपुढे, वर्षानुवर्षं.

खरं काय ते मामीखेरीज अख्ख्या वाडीला ठाऊक. मामा राहायचा गावकीच्या खोलीत. एका खोलीत वाडीचे वीस-पंचवीस बाप्ये. निम्मे गिरणीत पाळीला गेले की उरलेल्यांनी पाठ टेकायची. पंचवीस सालाच्या सुमाराला आजोबा वारले, मामा नांगर धरायला गावी, पालीला परतला, आणि मुंबई जसजशी लांब गेली तसतशी त्याची गॅलरी रुंद होत गेली.

मामीने हातखंब्यापलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. एकतीस सालच्या शिमग्यात ती म्हणाली, "पोरींची लग्नं झाली. आता चार दिस माला शहर दाखवा."

"दाखवतो की. कोल्हापूर. आंब्याचा घाट चढला की आलंच. अंबाबाईची ओटी भर."

"अंबाबाई हाय तितंच हाय. ती काय पळून जात न्हाय. माला तुमची गॅलरी बघायचीय."

"आगबोट लागते गो! डोकं धरून बसशील."

"तुमी तर म्हणायचात, सारंग तुमाला इचारून बोट हाकायचा. मंग सांगा त्याला, जरा सावकाश हाक म्हणून."

मामाने चुलीत उगाच एक लाकूड सारलं. आपल्याच गॅलरीतून आपणच पडायची वेळ आलेली. घाबरलेल्या माणसाला देव फार आठवतो, तसा तो येता-जाता अंबाबाईचं नाव घेऊ लागला. मामी ऐकेना. वाद विहिरीवर गेला. बाया मुंबईच्या बाजूच्या, बाप्ये कोल्हापूरच्या. शेवटी आमच्याकडे सगळ्या गाठी सुटतात तिथेच ही गाठ गेली. देवाला कौल लावायचा.

देवाच्या छातीवर उजवी-डावीकडे फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि कौल लागलेला असेतो देवासमोर खोटं बोलायचं नाही. बोलला त्याच्या शेतात नुसतं गवत उगवतं. आमच्यातल्या एकाच्या शेतात तर तेही उगवलं नव्हतं, शेजारून आणून लावावं लागलं.

आदल्या संध्याकाळी मामा केळ्यांचा फणा घेऊन लवू गुरवाकडे गेला. "डावी जरा सैल लाव रे." सकाळी मामी नारळ घेऊन गेली. "उजवी जरा हलकी असू दे हां लवूदादा." लवूने केळीही खाल्ली, नारळही ठेवून घेतला. कुणा एकाला दुखवायचं नाही म्हणून त्याने दोन्ही पाकळ्या कोवळ्या फणसाच्या चिकाने चिकटवल्या.

"बा देवा म्हाराजा, ही गोदा महिपताच्या संगं मुंबयला जाईन म्हणते. तुला मान्य असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

पाकळी हलेना. लवूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ऊन डोक्यावर आलं, लोकांनी घरून भाकऱ्या मागवल्या. एक मुंगळा चढून उजव्या पाकळीला ढकलायला गेला, तो तिथेच चिकटला. खोटं वाटत असेल तर लवूला विचारा. तो वारला, पण ही गोष्ट निघाली तर उठून सांगेल. मागून कुणीसं म्हणालं, "देव सोताच मुंबयला गेला वाटतं."

तेवढ्यात मामी भागोजीकडे वळली. भागोजी अजून त्याच खोलीत राहायचा, शिमग्यापुरता आला होता.

"भागोजी भावजी, तुमी तरी सांगा. ह्यांची गॅलरी हाय ना अजून?"

मामा समईकडे बघू लागला. भागोजीने पाकळ्यांकडे बघितलं, मग मामाकडे. कौल लागलेला. करतो काय?

"गॅलरी न्हाय वैनी. कवाच नव्हती. खोली एक, माणसं पंचवीस. ह्याची वळकटी दारात. येणारा-जाणारा ह्याला वलांडून जायचा."

मामाने डोक्याचं मुंडासं डोळ्यांवर ओढलं.

"मंग हे दारात पडून करायचे काय?" मामीचा आवाज कोरडा होता.

"बोलायचा. आमाला झोपू द्यायचा न्हाय. घरच्या इहिरीचं पानी म्हणे शहाळ्यावानी. बायको भाकरी थापते ती तव्यावर टाकायच्या आधीच फुगते. ती हसली की गोठ्यातल्या गाई पान्हा सोडतात. आमी म्हणायचो, महिपता, किती पुड्या सोडशील! तर शप्पत घ्यायचा गडी."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मामी मात्र हसली नाही. तिने पदर कमरेला खोचला.

"लवूदादा, कौल उतरवा."

"उतरंना गो बाय!" लवू नखाने खरवडत होता.

"मंग ऱ्हाऊ दे. देवाचं हू दे सावकाश. आमी मुंबयला जातो."

मामा मुंडाशातून म्हणाला, "आता तिथं काय बघायचंय तुला?"

"दार."

रत्नागिरी बंदरावर छोट्या पडावात बसून ती दोघं आगबोटीवर चढली. बोट सुटतानाचा तो भोंगा आता कुठला ऐकायला! किनाऱ्यावरची माणसं हात हलवत राहायची आणि बोटीवरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मामी बोटभर हिंडली. डोकं धरून बसला तो मामा.

गावकीच्या खोलीतल्या माणसांनी कोपरा रिकामा करून सतरंजी घातली होती. मामी तिकडे गेलीच नाही. ती दारात बसली आणि भिंतीला पाठ लावून पाय पसरू लागली. पाय पुरते पसरेनात.

"एवढ्यात मावायचे तुमी?"

"न्हाय. पाय भायेर जिन्यात सोडायचो."

मामीने पाय जवळ घेतले आणि शेजारची जमीन पदराने झाडली.

"बसा हितं. इहिरीचं आन् भाकरीचं कळलं. आनखी काय काय सांगायचात ते सांगा."

पाळीवरून सुटलेली माणसं डबे हातात घेऊन जिना चढत होती. दारात बाईमाणूस बघून ती वरच्या पायरीवर अवघडून उभी राहिली. मामा खाली बसला, घसा खाकरला.

"आमच्या परसात एक रातांबा हाय," तो मामीकडे न बघता म्हणाला, "ही माहेरी गेली की तो फळ धरत न्हाय."

"खरं की काय वो वैनी?" जिन्यातून एकाने विचारलं.

"तर काय!" मामी म्हणाली. "म्हणून तर माला माहेरी कुणी धाडतच न्हाय."

आणि तिने अंग चोरून त्या माणसांना आत यायला वाट करून दिली.