थापेश्वर खरं बोलतो

थापेश्वर हा आमच्या घरचा देव. पूजेतला नव्हे, कॉमिकमधला. स्वर्गातल्या सगळ्या देवांना टोप्या घालून झाल्यावर त्याला तिथून हाकललं, आणि खाली येऊन तो गुप्तहेर झाला. बोलूनचालून थापाड्या, त्याला दुसरी नोकरी कोण देणार? कथा माझा नवरा लिहितो, चित्रं धाकटा दीर काढतो आणि बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं मी भरते. तिघांचं टेबल एकच, त्यामुळे भांडायला कुणाला उठावं लागत नाही.

मग नवऱ्याच्या मेंदूला झटका आला. हातपाय सावरले, पण शब्दांची अदलाबदल झाली. चष्मा हवा असला की तो ‘शिडी’ म्हणतो. डोक्यातलं सगळं शाबूत आहे, पण तोंडाशी येताना भलताच शब्द पुढे घुसतो. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, बरोबर शब्द हळूच सुचवत जा. मला हळूच काही जमत नाही. ‘शिडी काय? चष्मा!’ दिवसभर माझं हेच चालायचं. शेवटी त्याने बोलणंच टाकलं, आणि मीच रुसून बसले.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. अंक अडकलाय, या आठवड्यात शेवटचं पान मिळालं नाही तर थापेश्वर दुसऱ्या लेखकाकडे द्यावा लागेल. माणूस वाईट नाही, बोलताना त्याचाही आवाज पडला होता. पण थापेश्वर हातचा गेला तर नवरा पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जीव नुसता टांगणीला लागला.

चित्रं आधीच काढून तयार होती. शत्रूने थापेश्वरला खुर्चीला बांधलंय आणि समोर खोटं पकडणारं यंत्र ठेवलंय. थाप मारली की यंत्र किंचाळणार, खरं सांगितलं तर साथीदार पकडले जाणार. कानाला फोन लावून दिलाय, बोल तुझ्या साहेबांशी. आणि फुगे रिकामे. दिराने लिहून पाहिलं, तर थापेश्वर विमा विकायला आल्यासारखा बोलू लागला. माझ्या हातून तो थेट मुख्याध्यापिका झाला.

मी पान नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने एकेक चौकट नीट बघितली. मग फोनजवळच्या फुग्यावर बोट टेकवून म्हणाला, “उशी भिजली. जिन्यात दोन मांजरं. पावशेर संध्याकाळ पाठवा.”

“उशी कुठली?” मी लगेच सुरू झाले. “नीट आठव, काय म्हणायचंय तुला?”

त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की शाईची बाटली कलंडली. मग पुन्हा तेच म्हणाला, शब्दही न बदलता.

“वहिनी, थांबा जरा,” दीर म्हणाला. “दादा, हे थापेश्वर बोलतोय ना?”

नवऱ्याने मान डोलावली.

“मग बरोबरच आहे की! तो कुठे खोटं बोलतोय? सांगायचंय ते खरंच सांगतोय, शब्द तेवढे वेगळे. यंत्र थाप पकडतं, शब्द नाही. ते वाजेल कशाला?”

नवरा हसला. किती दिवसांनी हसला! मला मात्र रडू आवरेना. त्या यंत्रापेक्षा मी वाईट. ते निदान गप्प तरी बसलं होतं.

शाई पुसून मी त्याचे शब्द जसेच्या तसे फुग्यात भरले. पान पाहून संपादकांनी फोनवर आधी विचारलं, अक्षरं भरताना काही घोटाळा झालाय का? मी समजावलं, तसे ते खो खो हसत सुटले. “झकास! थापेश्वर तुमच्याकडेच राहू द्या. पण शेवटचा फुगा रिकामा आहे हो. साहेब उत्तर काय देतात?”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणजे साहेब मी. जी भाषा मी त्याच्या तोंडातून खरवडून काढत होते, तिच्यातच आता मला बोलायचं होतं. पेन चावून चावून मी लिहिलं, ‘संध्याकाळ निघाली. मांजरांना कुलूप लावा.’

त्याने वाचलं आणि नाक मुरडलं. पेन घेऊन ‘कुलूप’वर काट मारली.

“झाकण,” तो ठणकावून म्हणाला.

“झाकण,” मी म्हणाले, आणि तसं लिहिलं. अगदी खरं सांगते, झाकणच बरोबर होतं.