रंगाखालची कडी

मित्रांनो, पिंजरा म्हटलं की तुम्हाला पोपट आठवत असेल. माझ्यात मात्र झाड होतं. मी फुटपाथवरचा एक जुना लोखंडी पिंजरा.

एका वेल्डरने मला घडवलं आणि हातभर रोपट्याभोवती उभं केलं. शेळ्या, सायकली, खोडकर हात, मी कुणाला म्हणून आत फिरकू दिलं नाही. रोप वाढत वाढत माझ्या डोक्यावरून गेलं. तापलेल्या रस्त्यावर गारवा काय तो त्याच्याखालीच मिळे. बसची वाट पाहणारे तिथे सरकत. समोरच्या आजोबांनी धुळीला कंटाळून बंद केलेली खिडकी पुन्हा उघडली. इस्त्रीवाल्या मावशींनी तर सावलीत टेबलच मांडलं. हँगर माझ्या गजांना अडकवत आणि दरवर्षी मला हिरवा रंग देत. "माझ्या झाडाचा राखणदार आहे हा!" त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. मी नुसता फुगून जायचो.

खरं तर फुगत होतं झाड. खोड गजांना टेकलं, मग गज सालीत रुतू लागले. मला हलता येईना, त्याला वाढता येईना. ओरडणार तरी कसा? पानं पिवळी पडली, सावलीला भोकं पडली. मावशी बिचाऱ्या जास्तीची बादली ओतायच्या आणि मला रंगाचा आणखी एक हात द्यायच्या.

एकदा तोच वेल्डर इस्त्रीला शर्ट घेऊन आला. मला पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"मावशी, हा अजून काढला नाही?"

"काढायचा? अरे, जिवापाड जपलाय मी त्याला!"

"झाड मोठं झालं की उघडायला कडी ठेवली होती. ही बघा." त्याने नखाने रंग खरवडला. "गुदमरतंय हो ते."

मावशींनी त्या कडीवरून बोट फिरवलं. "मीच बुजवली रे ती. काप बाबा, आत्ताच्या आत्ता काप."

कडी उघडलीच नाही. त्याने कटर आणून माझे तुकडे केले. खोटं कशाला बोलू, फार दुखलं. एक गज मात्र इतका आत गेला होता, की ओढला असता तर खोडच फाटलं असतं. तो तसाच राहिला. बाकीचा मी भंगारात गेलो.

त्या गजातूनच मी तुमच्याशी बोलतो आहे. साल हळूहळू माझ्यावर मिटते आहे, लवकरच रस्ताही दिसणार नाही. तोवर सांगून ठेवतो. रोपाला पिंजरा जरूर घाला, पण तो काढायला आठवणीने परत या.

वर नवी पालवी फुटली आहे, असं मावशी सगळ्यांना सांगत असतात. मला इथून ती दिसत नाही.