छाती ठोकून

तिने हातोडी पुन्हा आपटली. तळघरातल्या कॉलमच्या वरच्या अंगाला टण्ण वाजलं, गुडघ्यापाशी आल्यावर बद्द. चिरलेल्या माठासारखं.

काँक्रीटभोवतीचं शटरिंग, फळ्यांचा साचा, उघडलं तेव्हा याच जागी मूठ जाईल एवढी भोकं होती. खडी उघडी पडलेली, आत सळ्या दिसत होत्या, मधमाश्यांचं पोळंच जसं. आज तिथे गुळगुळीत गिलावा होता. वरून सिमेंटचं पाणी फिरवून रंगसुद्धा जुळवलेला.

“कुणी केलं हे?”

मागे टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या मांडणाऱ्या बिलिंग इंजिनिअरने मान वर केली नाही. “गवंड्याने केलं. सांगितलं कुणी, ते विचार.”

“कुणी सांगितलं?”

“सारवासारव वरून होते, बाई. खालचे नुसती थापी धरतात.”

वर म्हणजे साहेब. या बांधकामाचे मालक, आणि यंदा इंजिनिअरांच्या संस्थेचे अध्यक्ष. ती साहेबांकडे साइट इंजिनिअर, आणि संस्थेच्या युवा शाखेची सचिव. सचिव हा शब्द ऐकायला भारदस्त. काम काय, तर हॉल उघडून घेणं, माइक वाजतोय का बघणं, खुर्च्या मांडणं, भाषणं संपली की आभार मानणं आणि खुर्च्या उचलणं. पुढे बसणारे ‘तरुणांनी पुढे यायला हवं’ असं बोलायचे आणि पुढची रांग सोडायचे नाहीत. वहिनीने तर एकदा विचारलंच होतं, “तुमची संस्था आहे की लग्नाचा हॉल? सुट्टी आली की तू आपली खुर्च्यांच्या मागे.”

तरी ती जात राहिली. संस्थेच्या तांत्रिक समितीत जागा मिळाली की माणसाचं म्हणणं कागदावर चढतं, मोठे लोक नावाने ओळखतात, दुसऱ्या कंपन्यांची दारं उघडतात. तिथवरचा रस्ता अध्यक्षांच्या तोंडातून जात होता.

साहेब उतारावरून खाली आले. नवं जाकीट, छातीवर संस्थेचा बिल्ला.

“सर, हा कॉलम फोडून पुन्हा भरायला हवा.”

“भरू ना. पाहुणे तर जाऊ देत.”

“सोमवारी याच्यावर स्लॅब पडतोय.”

“मग मंगळवारी भरू.” आपल्याच विनोदावर ते हसले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, “बाळ, दुपारी हॉलमध्ये तुझं नाव जाहीर करतोय. टेक्निकल कमिटी. तुझ्या वयाचं तिथे आजवर कुणी आलेलं नाही. आजच्या दिवशी तरी तोंड गोड ठेव.”

तिने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढला. आणखी एक घर ओढला. रुतला तेव्हा थांबली. तिच्या तोंडून ‘नको’ आलं नाही, आणि हे साहेबांच्या लक्षात आलं. खांद्यावर थोपटून ते पाहुण्यांना घ्यायला गेले.

“झालीस का समिती?” बिलिंगवाल्याने विचारलं. “आता आमच्यासारख्यांना ओळख दे म्हणजे झालं.”

“गप बस.”

“मी गप्पच असतो. म्हणून तर बिलिंगला आहे.”

पाहुणे म्हणजे युवा शाखेची पोरंपोरी. ती खाली उतरली. कुणाच्या बुटांवर आधीच चिखल, कुणाच्या हेल्मेटवरचं दुकानाचं स्टिकरही निघालेलं नाही. साहेबांनी सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं. नेमकं त्या कॉलमपुढे. पाठ त्यालाच टेकवून ते बोलायला लागले: दर्जा, निष्ठा, आपल्या पेशाची इभ्रत. तिला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असायचं. हे भाषण टाइप तिनेच केलं होतं.

“तुम्हाला छाती ठोकून सांगतो,” साहेबांनी बिल्ल्यावर हात आपटला, “या तळघरात एक खोट दाखवा, मी अध्यक्षपद सोडतो.”

हे टाइप केलेल्यात नव्हतं.

तिच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. माणसाने खोटं बोलावं, पण निदान ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला टेकून तरी बोलू नये.

“सर, छाती नको,” ती म्हणाली. “कॉलम ठोकू या.”

दोघं-तिघं हसले. कार्यक्रमातलाच भाग वाटला त्यांना. एवढ्या जणांसमोर साहेबांनाही हसावं लागलं. तिने हातोडी स्टिकरवालीच्या हातात दिली.

“आधी तो पलीकडचा.”

टण्ण.

“आता हा. सर, जरा सरकता? खाली, गुडघ्यापाशी.”

बद्द.

पोरीने पुन्हा वाजवलं. मग वर, मग परत खाली. हसणं थांबलं.

“गिलाव्याचा आवाज आहे तो,” साहेब म्हणाले. “गिलावा असाच वाजतो.”

“हो सर,” पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती, नुसती शंका होती. “पण बाकीच्या कॉलमना गिलावाच नाहीये. यालाच का केला?”

साहेबांनी तिच्याकडे नाही, सचिवाकडे पाहिलं. कुणीतरी कोपऱ्यातला सळईचा तुकडा उचलला. दुसऱ्याने वीट घेतली. बघता बघता सगळे पांगले आणि तळघर वाजायला लागलं. टण्ण, टण्ण, टण्ण. संस्थेच्या इतक्या कार्यक्रमांत एवढा कामाचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला.

साहेब जवळ आले. “खुर्च्या उचलायच्याच लायकीची होतीस,” ते ओठ न हलवता म्हणाले. “त्याच उचल जन्मभर.”

ती काही बोलणार, तेवढ्यात उताराजवळून आवाज आला.

बद्द.

“ताई, हा पण आहे का?”

सगळे थांबले. कोपऱ्यातला कॉलम. अंगावर गिलावा नाही, लिंपण नाही. वरून बघाल तर तळघरातला सगळ्यात देखणा.

तिला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी संस्थेचं व्याख्यान होतं, माइकवाल्याचे फोनवर फोन येत होते. या कॉलमचं शटरिंग निघालं तेव्हा तिचं एक पाऊल हॉलच्या वाटेवर होतं. लांबूनच तिने बघितलं, गुळगुळीत आहे म्हणाली, आणि गेली. खुर्च्या मांडायला.

“हा कुणी पास केला?” साहेबांनी मोठ्याने विचारलं. सगळ्या तळघराला ऐकू जाईल असं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. चेहऱ्यावर हसू परत आलं होतं.

बिलिंगवाला बाटल्यांची झाकणं बघत बसला.

ती चालत कोपऱ्यात गेली. पोरीच्या हातून हातोडी घेऊन स्वतः वाजवलं. बद्द. खिशातला खडू काढून तिने कॉलमवर फुली मारली, पार लांबून दिसेल एवढी मोठी. मग मागे येऊन पहिल्यावरही.

“मी,” ती म्हणाली. “छिन्नी कुणाकडे आहे?”