फोटोपुरता कोट

मी कोट बोलतोय. गडद निळा, दोन बटणांचा. राहतो एका कॉलेजच्या प्रवेश-कार्यालयात, दारामागच्या खुंटीवर. मालक कोण म्हणाल तर कुणीच नाही. ज्याला नोकरी लागली त्यानं मला अंगात घालायचं, फोटो काढून घ्यायचा आणि परत टांगून ठेवायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला शिवताना इथल्या साहेबांनी शिंप्याला बजावलं होतं, "सगळ्यांना झाला पाहिजे. नीट कुणालाच नाही बसला तरी चालेल." शिंप्यानं कपाळाला हात लावला आणि मला ऐसपैस शिवलं. मग फोटोग्राफरनं युक्ती काढली. तो माझं जादा कापड पाठीमागे गोळा करतो आणि त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. पुढून बघाल तर मोठा अधिकारी, मागून बघाल तर दोरीवरचं धुणं. फोटो अर्थातच पुढून काढतात.

ते फोटो रस्त्यावरच्या फलकावर लागतात. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: सरासरी पगार, वर्षाला नऊ लाख. ही सरासरी माझ्यासमोरच काढली म्हणून सांगतो. एका मुलाला परदेशात घसघशीत पगार मिळाला, त्यानं एकट्यानं सगळी तुकडी वर ओढली. ज्यांना नोकरी लागलीच नाही, त्यांना भागाकारात धरलंच नाही. "जे कमावत नाहीत त्यांचा पगार कसा मोजणार?" साहेब म्हणाले. टेबलाभोवती सगळे शिकलेले होते, सगळ्यांनी माना डोलावल्या.

हसरी मला अशाच एका फोटोच्या वेळी भेटली. हे नाव फोटोग्राफरनं ठेवलेलं. आईचं राहतं घर गहाण ठेवून तिनं इथूनच कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली होती. पुष्कळ मुलाखती दिल्या, कुठंच डाळ शिजली नाही. शेवटी कॉलेजनंच तिला ठेवून घेतलं, प्रवेशाच्या टेबलावर पालकांना माहिती द्यायला. तीही नोकरीच मोजली गेली! फलकावर तिच्या फोटोखाली छापलं, 'नामांकित संस्थेत निवड'. कुठल्या संस्थेत, ते छापायला जागा पुरली नाही म्हणे.

पगारातला निम्म्याहून जास्त भाग कर्जाच्या हप्त्याला जातो. नाकापेक्षा मोती जड. त्यात टेबलावर बसताना मला घालायची सक्ती. रोज सकाळी सफाईवाल्या मावशी तिच्या पाठीशी चिमटे लावून देतात. टेकलं की ते रुततात, म्हणून ती दिवसभर ताठ बसते. पालकांना वाटतं, काय रुबाब आहे!

एके दिवशी तिचा मामा मुलीला घेऊन आला. मामा सुतार, स्वतःचं छोटं दुकान असलेला. मुलीला सरकारी कॉलेजात गणिताला जागा मिळत होती, फी अगदी नावाला. पण गणितानं पोट भरतं का, हा मामाचा प्रश्न. फलक बघून त्यानं ठरवलं होतं, दुकान गहाण टाकायचं आणि पोरीला इथं घालायचं.

"तू इथं आहेस म्हटल्यावर आम्हाला कसली भीती?" तो म्हणाला.

साहेब आत फोनवर होते. हसरी टेबलावर वाकली. "मामा, या प्रवेशाच्या कागदांवर सही करू नका. मला नऊ लाखांचा चौथा हिस्साही मिळत नाही, आणि त्यातला निम्मा हप्ताच खातो. तिला गणिताला जाऊ द्या. कॉम्प्युटरचं तिथंही शिकता येईल, दुकान न घालवता."

शाब्बास गं, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मामेबहिणीचा चेहरा उतरला.

"वा ताई! तू शिकलीस तेव्हा चाललं. माझी पाळी आली की गणित? तुझा फोटो चौकात लागलाय, माझा लागला तर तुला खुपेल का?"

"अगं, हा कोटसुद्धा माझा नाही!" हसरी उठली आणि तिनं पाठ फिरवून चिमटे दाखवले.

मामा हसला. "कोट उसना असेल, खुर्ची तर तुझीच आहे ना? एवढी खुर्ची माझ्या पोरीला मिळाली तरी मी भरून पावलो." मग त्याचा आवाज बदलला. "घरच्या माणसानं असं पाण्यात पाहू नये, पोरी."

आणि त्यानं सही केली. रोज अनोळखी माणसं तिच्या खोट्यावर विश्वास ठेवून जातात. त्या दिवशी तिनं सख्ख्या मामाला खरं सांगितलं, तर ती जळकी ठरली.

साहेब बाहेर आले, कागद पाहिले आणि खूश झाले. "छान! घरचीच माणसं आणलीस!" प्रत्येक प्रवेशामागे टेबलावरच्या माणसाला थोडे पैसे मिळतात, ते त्यांनी तिच्या नावावर टाकायला सांगितले. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण हप्ता तोंडावर आला होता. ती खाली बसली.

आता माझी कोपरं झिजलीत, अस्तर उसवलंय. मामेबहीण याच इमारतीत शिकते आणि हसरीला ओळख दाखवत नाही. मामा हसरीच्या आईकडेही जात नाही.

आईबापांनो, सही करण्याआधी कोटाकडे बघू नका. आतल्या माणसाला विचारा, पगार किती, हप्ता किती, हातात काय उरतं? घरचं कुणी न विचारताच सांगत असेल, तर त्याला जळकं म्हणण्याआधी थोडं थांबा. मामाची मुलगी कधीतरी या खुर्चीत बसली, तर तिला हे सगळं कळेलच. तिच्या ताईचा त्या महिन्याचा हप्ता मामाच्या कर्जातून आलेल्या त्या पैशांतूनच फिटला, हेही कळेल.