सातांच्या रांगेतली

आमच्या घरात चार मात्रांच्या रेकॉर्डला प्रवेश नाही. पाहुणी म्हणूनही नाही. माझ्या भावानं एकदा हौसेनं जॅझची एक लाँग प्ले आणली. ह्यांनी ती जरा वेळ ऐकली, मांडीवर चार टिचक्या मारल्या आणि "छान आहे" म्हणून परत त्याच्याच पिशवीत घातली. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, पाच मात्रा लागतात, सात लागतात, फार तर नऊ-अकरा. सगळं जग ज्या ठेक्यावर मान डोलावतं तो ह्यांना खपत नाही. मी विजयमाला, सरळ चार मात्रांची बाई, इतकी वर्षं कशी खपले कोण जाणे.

ह्या खुळात ह्यांचा एकच भागीदार, गोवर्धन कोळी. मी त्यांना भावोजी म्हणते. दोघं बेलापूरला एका सरकारी कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे. आम्ही साताऱ्याकडून येऊन नेरूळच्या सोसायटीत राहिलो. भावोजी मूळचे इथलेच, सारसोळ्याचे. गावात कुणाचीही हळद असो, ढोलकी भावोजींचीच. कचेरीची जुनी कपाटं विकायला दोघं वाशीच्या एका भंगारवाल्याकडे गेले होते, तिथे रेकॉर्डींचा ढीग होता. भंगारवाल्यानं गंमत म्हणून एक लावली. भावोजींनी कपाटाच्या दारावर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाले, "शेखर, ह्याला चार नाय, पाच हायत." झालं. कपाटं राहिली बाजूला.

मग ह्यांनी नियम केला. पाचाच्या रेकॉर्डी भावोजींच्या घरी, साताच्या आमच्याकडे, नऊ-अकरा आल्या तर आळीपाळीनं. नवी रेकॉर्ड आली की दोघं डोळे मिटून बसायचे, मनात मोजायचे आणि शेवटी एकदम बोलायचे. आकडा कधी वेगळा आला नाही. एकदा भावोजींचा एका सातावर जीव जडला. तिच्या वेष्टनावर होडी होती, थेट त्यांच्या बाबांच्या होडीसारखी. "एवडी दे मना," म्हणाले. ह्यांनी दिली नाही. "नियम म्हणजे नियम, गोवर्धन." भावोजी हसले आणि चहा मागितला. मी ह्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

पुढे भावोजींचे कान गेले. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं कळतं, पण गाणं म्हणजे नुसता पत्र्यावर खड्यांचा आवाज. तेव्हापासून ते यंत्र काढून ठेवतात आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर पालथा हात ठेवून ऐकतात. सूर गेले, पण मात्रा हाताला बरोब्बर कळायच्या. तरी एकदम बोलायची पद्धत मोडली. "तू बोल आदी," असं ते ह्यांना सांगायला लागले. ओठांवरून आकडा ओळखायचे आणि खूश होऊन मान हलवायचे. त्यांच्या मनातला आकडा नेहमी तोच असायचा.

दिवाळी झाली आणि हे वाशीहून एक रेकॉर्ड घेऊन आले. वेष्टन नाही, मधला कागद घासून पांढरा झालेला. वाजवणारे कोण, कुठले, काही पत्ता नाही. पण सुई टेकवली आणि ह्यांचा चेहराच बदलला. कॉलेजात असताना साताऱ्याच्या खोलीवर, खरखरत्या रेडिओवर ही सनई म्हणा, क्लॅरिनेट म्हणा, ह्यांनी एकदाच ऐकली होती. तेव्हापासून शोधत होते. लग्नानंतर ही धून मला कितीदा तरी गुणगुणून दाखवली आहे, तीही बेसूर.

भावोजी आले. यंत्र काढलं, हात खोक्यावर ठेवला. मी समोर मेथी निवडत बसले होते.

ह्यांना मोजताना अंगठा पेरांवर फिरवायची सवय आहे. करंगळीची तीन पेरं, मग शेजारच्या बोटाची. साताला अंगठा मधल्या बोटापर्यंत जातो. इतकी वर्षं समोर बसून मला ते पाठ झालंय. त्या दिवशी अंगठा करंगळीवरून शेजारच्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा गेला, पुन्हा तिथूनच फिरला. पाच. मला वाटलं, अरेरे, गेली बिचाऱ्यांची रेकॉर्ड सारसोळ्याला.

"बोल," भावोजी म्हणाले.

"सात," हे म्हणाले.

भावोजींची मान हलली नाही. त्यांनी दुसराही हात खोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "सात? असतील." आणि दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नवऱ्याला मित्रासमोर खोटं कसं पाडायचं, म्हणून मी मेथीची जुडी उचलून आत गेले. खरं सांगायचं तर मला ह्यांची दयाही आली होती. एवढ्या वर्षांनी सापडलेली चीज. भावोजींकडे मागितली असती तर त्यांनी वर आणखी दोन दिल्या असत्या. पण स्वतः होडीवाली रेकॉर्ड न दिलेला माणूस कोणत्या तोंडानं मागणार?

आठवडाभर हे ती रेकॉर्ड रोज लावत होते. मग लावायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणाले, "सुई खराब झालीय." सुई ठीक होती.

लग्नसराई सुरू झाली आणि एका सकाळी भावोजींची बायको, सगुणा, माझ्याकडे आली. हातात सुक्या मासळीची, वाकट्यांची पिशवी, पण बसायची तयारी नाही.

"वहिनी, ह्यांना काय झालंय तुमाला ठाव हाय?" ती म्हणाली. "पुतनीची, रुतिकाची हलद झाली परवा. ढोलकीला हात लावला नाय. पोरं पाया पडली तरी नाय. बोलतात, कान गेलं तवा हात तरी होता, आता हात पन गेला. पाचाचं सात झालं तरी कलत नाय. लगनात ठेका चुकला तर पोरीला अपशकुन होईल, बोलतात." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बसून असतात नुसते. हाताकडं बगत."

हे आतल्या खोलीत होते. सगळं ऐकत होते. सगुणा गेल्यावर बाहेर आले ते चपला घालूनच. बगलेत ती रेकॉर्ड.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "तुमचा अंगठा मी बघितला होता."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग बोलली का नाहीस?"

मीही चपला घातल्या.

सारसोळ्यात भावोजींचं घर तळमजल्यावर आहे, वर मुलानं, प्रणयनं, मजले चढवलेत. भावोजी दारातच होते. आम्हाला बघून खूश झाले. आत गेलो तर मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत त्यांच्या सगळ्या पाचाच्या रेकॉर्डी नीट उभ्या रचलेल्या. "बरं झालं आलात," म्हणाले. "प्रनयला सांगून तुजकडंच पाटवनार होतो. मी ठेवून काय करू?"

ह्यांनी रेकॉर्ड लावली, भावोजींनी यंत्र काढलं तसा त्यांचा हात धरून खोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या खांद्यावर थाप देत मोठ्यानं मोजायला लागले. एक दोन, एक दोन तीन. एक दोन, एक दोन तीन. भावोजी ह्यांच्या ओठांकडे बघत होते. हळूहळू त्यांची बोटं खोक्यावर हलायला लागली, अगदी जागच्या जागी पडायला लागली.

"पाच," हे म्हणाले. "पाचच आहेत गोवर्धन. तेव्हाही पाचच होत्या. तुझा हात बरोबर होता. मी खोटं बोललो. मला ही रेकॉर्ड हवी होती."

भावोजींनी यंत्र कानात बसवलं आणि ह्यांना पुन्हा सांगायला लावलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द. सांगताना रडत होते.

भावोजी हसायला लागले. "सगुना आलती ना तुमच्याकडं?"

"आली होती. पण त्याचा काही…"

"कलतंय मला." त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हात तुज्या थापंवर चालला माजा. माज्यासाटी खोटं बोलतोस तू. पन तुला येत नाय ते शेखर. कचेरीत एक दिवस खोटी रजा टाकता आली नाय तुला, आन् माज्याशी खोटं बोलशील? एका रेकॉर्डीसाटी? तू?"

मी पुढे झाले. "भावोजी, मी डोळ्यांनी बघितलंय. ह्यांचा अंगठा पाचावरच फिरत होता. मी गप्प बसले, माझं चुकलं."

"वहिनी, तुमी पन?" ते माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की मला तिथे उभं राहवेना. "नवराबायको ठरवून आलात. लय केलंत माज्यासाटी."

मी जिन्यापाशी जाऊन प्रणयला हाक मारली. तिसरा माणूस मोजेल तर खरं पटेल, एवढीच आशा. प्रणय हळदीत मोठे स्पीकर लावतो, त्याला बीट कळायला हवी. तो आला, पायानं ठेका धरला, चार मोजले, अडखळला, पुन्हा चार मोजले. "काकू, ह्याला बीटच नाय," म्हणाला आणि फोन वाजला म्हणून वर गेला.

"बगा," भावोजी म्हणाले. "मोजनारा एकच राहिला आता, आन् तो त्या दिवशी सात बोलला."

त्यांनी स्वतः रेकॉर्ड काढली, कडेनं धरून बाहीनं पुसली, कागदात घातली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती परत टेबलावर ठेवली. "तुझी आहे ही. ठेव गोवर्धन. पाया पडतो तुझ्या."

"येडा काय तू?" भावोजींनी ती उचलून पुन्हा ह्यांच्या छातीशी टेकवली. "साताची हाय, तुजी हाय. नियम म्हंजे नियम."

पेटी मात्र आम्ही आणली नाही. पुढच्या रविवारी नेतो म्हणून सांगितलं. परतताना एका मांडवात हळदीची तयारी चालली होती, कुणी नवखा पोरगा ढोलकी लावून बघत होता, आम्ही तिथून भरभर पुढे आलो.

घरी आल्यावर हे रेकॉर्ड हातात घेऊन कपाटासमोर उभे राहिले.

"कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

मला राग आला होता, दयाही येत होती, आणि दोन्हींतलं निम्मं मलाच लागू होतं.

"सातांत ठेवा," मी म्हणाले. "त्यांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलाय."

ह्यांनी ती सातांच्या रांगेत ठेवली, होडीच्या रेकॉर्डशेजारी.